जोडीतली दुसरी डिस्क

घरात तिला धाकटी म्हणत आणि कामावर मशीनवाल्या बाई. पन्नाशीला टेकलेली, चष्मा लागलेली, गुडघे कुरकुरायला लागलेली बाई धाकटी कशी, असं कुणी विचारलंच तर ती म्हणे, "थोरली बहीण आहे ना अजून. ती आहे तोवर मी धाकटीच." सून नेमकं काय काम करते हे सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. शेजारणींनी विचारलं की त्या सांगत, "कॉम्प्युटर उघडून आत बघत बसते. काय बघते ते तिलाच ठाऊक."

ती काम करायची ते एक वाचा-केंद्र होतं. घशाच्या आजारात ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागणार असे, ते लोक ऑपरेशनच्या आधी तिथे येत आणि आपला आवाज ठेवून जात. चार-पाच बैठकांत शेकडो वाक्यं वाचायची. खिडकीजवळची खुर्ची रिकामी आहे. उद्या सकाळी मला लवकर उठव. अशी वाक्यं, ज्यांत कुणाचा जीव अडकलेला नसतो. पुढे त्या ध्वनिमुद्रणातून आवाज बांधायचा, म्हणजे त्या माणसाने पाटीएवढ्या यंत्रावर काही टाइप केलं की ते त्याच्याच आवाजात ऐकू येई. आवाज बांधायला वेळ लागे, मागे रांग असे, आणि तोवर ती सगळी मुद्रणं धाकटीच्या खोलीतल्या एका मशीनवर पडून असत.

खोली म्हणजे मुळात सामान ठेवायची जागा. एका भिंतीला लोखंडी मांडणी, तिच्यावर मशीन, खाली वीज गेल्यावर चालणारी बॅटरीची पेटी, आणि पलीकडच्या भिंतीला लागून मुद्रणाची खोली. मशीनमध्ये दोन मोठ्या डिस्क होत्या, जोडीने काम करणाऱ्या. एकीवर जे लिहिलं जाई तेच त्याच क्षणी दुसरीवर. एक गेली तरी दुसरी आहेच, हा त्यातला दिलासा. दोघींना सांभाळणारं एक कार्ड होतं, आणि त्याची लिहायची पद्धत त्याची स्वतःची होती. ते कार्ड मध्ये असल्याशिवाय डिस्कवरचं अक्षर लागायचं नाही.

हे काम तिला मास्तरांनी शिकवलं. मास्तर तिच्या आधीचे, आता निवृत्त. बीएस्सी होऊन बारा वर्षं घर सांभाळलेल्या बाईला त्यांनी पहिल्या दिवशी स्क्रू-ड्रायव्हर नाही दिला, नियम दिला. एकट्याने बटण दाबायचं नाही. स्क्रीनवर जे आलंय ते शेजारच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचं, त्याने हो म्हटलं की मग दाबायचं. शेजारचा माणूस कोणीही चालेल. "त्याला कळलं नाही तरी चालेल हो," मास्तर म्हणत, "तुम्हाला ऐकू यायला हवं." केंद्रात आलेल्या नव्या माणसाला हा प्रकार पोरखेळ वाटे. मग सवय होई.

धाकटीचा शेजारचा माणूस बहुतेक वेळा ध्वनिमुद्रक असे. त्याला सगळे कानसेन म्हणत. दोन खोल्यांपलीकडे कुणी पेनाचं टोपण उघडलं तरी त्याला ऐकू जाई आणि त्याचा त्याला संताप येई.

थोरली पडद्याच्या कापडाच्या दुकानात होती. नवऱ्याचं दुकान, पण चालवी ती. गिऱ्हाईक दारातून आत यायच्या आत तिचं बोलणं सुरू होई, आणि बाहेर पडलं तरी संपत नसे. कापड हातभर ताणून उजेडाला धरायचं आणि म्हणायचं, "बघा, पलीकडचं काही दिसतंय? नाही ना? मग." घसा बसला तेव्हा सगळ्यांना वाटलं, बोलून बोलून बसला असेल. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी तारीख दिली.

तिचं मुद्रण धाकटीच्याच केंद्रात झालं. कानसेनची त्या बैठकांत परीक्षाच होती. थोरली दिलेलं वाक्य वाचे आणि वर स्वतःचं जोडे.

"खिडकीजवळची खुर्ची रिकामी आहे. असेना का, बसायला वेळ कुणाला आहे?"

"ताई, कागदावरचंच वाचा," कानसेन काचेपलीकडून म्हणे.

"कागदावरचं बोलायला मी काय यंत्र आहे? होणारच आहे यंत्र. तोवर तरी बोलू द्या."

मग कानसेनने शेवटची बैठक तिच्यासाठी मोकळी सोडली. जे बोलायचं ते बोला म्हणाला. त्या बैठकीत तिने नवऱ्याला झापलं, पोरांना हाका मारल्या, गिऱ्हाइकांशी बोलते तसं बोलली आणि धाकटीला दोन-तीनदा हाक मारली, वेगवेगळ्या तऱ्हेने. रागावून, लाडाने, आणि स्वयंपाकघरातून अंगणात ऐकू जावी तशी.

त्या दिवशी एक गोष्ट झाली. थंडीपासून मशीनच्या खोलीतून बारीक पीप-पीप येत असे. खाली बॅटरीची पेटी होती आणि तिची बॅटरी मागेही एकदा अशीच ओरडली होती. तेव्हा तीच ओरडते आहे, नवी मागवली पाहिजे, असं धाकटीने आणि कानसेनने परस्पर ठरवून टाकलं. कानसेनने दाराच्या फटीत फोम ठोकला आणि ऐकू येणं जवळपास थांबलं. पण थोरली बोलता बोलता थांबायची, आणि त्या थांबण्यात ते पीप यायचं. कानसेन कानावरचे हेडफोन काढून वैतागला. थोरलीही म्हणाली, "धाकटे, ती कटकट बंद कर गं. उद्या मला ऑपरेशनला जायचंय, आज तरी नीट बोलू दे."

धाकटीने मांडणीमागे हात घातला. आवाज बॅटरीतून नाही, मशीनमधून येतोय हे तिला तेव्हा हाताला कळलं. पण पलीकडे बहीण ताटकळत होती. तिने छोट्या भोंग्याची वायर उपसली आणि ठरवलं, आज होऊन जाऊ दे, उद्या बघू. उद्या हॉस्पिटल होतं. परवाही. नंतर थोरलीच्या गळ्यातल्या नळीची स्वच्छता, तिचं पातळ जेवण, भावोजींचं हातपाय गाळणं. महिना गेला. भोंगा तिच्या डोक्यातून पार गेला.

मग मशीन बसलं. डिस्कची जोडी नाही, तिसरी छोटी डिस्क गेली, जिच्यावर मशीन चालवणारी सिस्टीम होती. धाकटी फारशी घाबरली नाही. मुद्रणं जोडीवर होती. नवी छोटी डिस्क आणायची, तिच्यावर सिस्टीमसाठी नवं लिनक्स घालायचं, कार्डाचा ड्रायव्हर बसवायचा, की झालं. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि सिस्टीम यांच्यामधला दुभाषी. तो नसला तर दोघं समोरासमोर बसून मुकी.

शनिवारी केंद्र बंद असे. मुद्रणं नव्हती म्हणून कानसेन सोबतीला आला. लिनक्स सुरळीत बसलं. ड्रायव्हरने मात्र घाम काढला. कार्ड बनवणाऱ्यांनी जुन्या कार्डाकडे पाठ फिरवली होती. नव्या लिनक्सला चालेल असा ड्रायव्हर त्यांच्याकडे नव्हता. पण कुठल्याशा लांबच्या देशातल्या माणसाने, बहुधा असंच एखादं जुनं कार्ड पदरी असलेल्या, जुन्या ड्रायव्हरची डागडुजी करून तो सगळ्यांसाठी मोकळा ठेवला होता. धाकटीने तो उतरवून घेतला, आपल्या मशीनवर बांधायला घेतला, आणि तो एका ओळीवर अडला.

"काय म्हणतोय?" कानसेनने विचारलं.

"म्हणतोय, जुन्या घराचा पत्ता दिलाय, तिथे आता कोणी राहत नाही."

तिने शोधाशोध करून नवा पत्ता घातला. ड्रायव्हर बांधला गेला. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, तर ते अर्ध्यात थांबलं. जोडी दिसत नाही म्हणे. सुरुवातीला मशीन जे एक छोटं गाठोडं सोडतं, त्यात ड्रायव्हर बांधायलाच ती विसरली होती.

"लग्नाला निघालात आणि नवरदेव घरी," कानसेन म्हणाला.

"तुम्ही फक्त हो म्हणायचं काम करा."

दुसऱ्या वेळेला गाठोड्यात ड्रायव्हर होता. मशीन उठलं. कार्ड बोललं. स्क्रीनवर जोडी आली, आणि खाली एक प्रश्न.

धाकटीचा हात कळेवर गेला आणि सवयीने थांबला. तिने वाचायला सुरुवात केली. "पहिली डिस्क, ठीक. दुसरी डिस्क, ठीक. दोन्हींतला मजकूर जुळत नाही. पहिलीवरून दुसरी भरून घेऊ का?"

कानसेनने भिंतीकडे बघत हो म्हणायला तोंड उघडलं. मग म्हणाला, "पहिलीवरूनच का?"

"पहिली ती मुख्य. यंत्र नेहमी पहिलीच सुचवतं."

"बरं. हो."

पण धाकटीने दाबलं नाही. स्वतःच्या तोंडचं वाक्य तिला पुन्हा ऐकू आलं. मजकूर जुळत नाही. दोघी एकाच क्षणी एकच लिहितात, मग जुळत नाही म्हणजे काय? दिव्यापाशी उभं राहून एखाद्याने घरात अंधार आहे म्हणावं तसं ते वाक्य होतं. तिने प्रश्न तसाच सोडला, मागच्या पानावर गेली आणि एकेका डिस्कची शेवटची नोंद मागवली. ती तिने वाचून दाखवली नाही. नुसती बघत राहिली.

"बाई?"

"पहिली थंडीतच थांबलीय," ती म्हणाली. "थंडीपासून तिच्यावर काहीच उतरलेलं नाही. सगळं दुसरीवर गेलंय, एकटीवर. आता मशीन बंद-चालू झालं, तशी पहिली जागी झाली आणि म्हणते मी ठीक."

कानसेनला उलगडायला एक क्षण लागला. "म्हणजे आपण हो म्हटलं असतं तर..."

"थंडीतलं शिळं पान ताज्यावर चिकटवलं असतं."

दोघंही मांडणीमागच्या त्या मोकळ्या लोंबणाऱ्या वायरीकडे बघत राहिले. ते पीप-पीप बॅटरीचं नव्हतं. जोडीतली एक गेली, असं मशीन आठवडेच्या आठवडे सांगत होतं. आणि जिथे सगळा धंदाच ऐकण्याचा, तिथे त्या दोघांनी आधी फोम ठोकून आणि मग वायर उपसून ते ऐकू येणं बंद केलं होतं. दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात चार दिवसांत कुणीतरी वैतागून मेकॅनिक बोलावला असता. बाहेरची वेगळी प्रत वर्षातून एकदाच, थंडीच्या आधी निघे. म्हणजे थंडीपासून आलेल्या प्रत्येकाचा आवाज आज या एका डिस्कवर होता. थोरलीचाही.

धाकटीने जोडी जुळवलीच नाही. पहिली डिस्क कार्डावरून काढून बाजूला ठेवली, आणि दुसरी एकटी उघडली, फक्त वाचण्यापुरती, तिच्यावर एक अक्षरही लिहिलं जाणार नाही अशी. फोल्डर दिसले. थोरलीचाही दिसला. धाकटीने श्वास सोडला, पण कानसेनने हात वर केला आणि मशीनला कान लावला.

"ही कुरकुरतेय. मध्येच एक टिचकी येते. ऐका."

धाकटीला ऐकू आलं नाही, पण कानसेनच्या कानाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. दुसरी डिस्कही त्याच वयाची होती, आणि थंडीपासून दोघींचं काम एकटीने ओढत होती. ती कधी मान टाकेल ते सांगता येत नव्हतं. नव्या छोट्या डिस्कवर जे उतरवायचं ते आता, आणि जे आधी उतरेल तेच खात्रीचं.

"मग क्रम लावू," कानसेन म्हणाला. "ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय ते शेवटी. त्यांना मी परत बोलवीन, हातापाया पडून वाचायला लावीन."

ते काढल्यावर उरले ते असे लोक, ज्यांना परत वाचता येणार नव्हतं. त्यात एक रिक्षावाला होता. शाळेतले एक गाणं शिकवणारे गृहस्थ होते. एक बाई होत्या, ज्यांचं ऑपरेशन झालं आणि त्या शुद्धीवर आल्याच नाहीत. त्यांचा नवरा अधूनमधून केंद्रात येऊन बाकावर बसे, आणि घाई नाही, तिचा आवाज सवडीने द्या म्हणे. ही सगळी नावं नोंदणीच्या क्रमाने होती, आणि थोरली त्यात शेवटी.

धाकटीने आज्ञा टाइप केली. थोरलीचा फोल्डर, आधी. बोटं इतकी भरभर चालली की जणू ती दुसऱ्याच कुणाची होती. मग कळेवर हात ठेवून ती बसून राहिली.

"वाचा," कानसेन म्हणाला.

ती वाचेना. फार काही वाचायचं नव्हतंच. एकच नाव. कानसेन हो म्हणणार हे तिला माहीत होतं. तो माणूस तसा होता, आणि बहीण म्हटल्यावर कुणीही हो म्हटलं असतं. तिला फक्त ते मोठ्याने म्हणायचं होतं, या खोलीत, जिथे त्या बाईंच्या नवऱ्याला तिनेच अनेकदा पाणी आणून दिलं होतं.

"बाई, तुम्ही वाचलंत तर मी हो म्हणेन," कानसेन हळूच म्हणाला. "नंतर कधी विषयही काढणार नाही."

"माहितीये मला." तिने चष्मा काढून पदराने पुसला. "म्हणून तर तोंडातून निघत नाहीये."

तिने ओळ पुसली. नव्याने लिहिली, नोंदणीच्या क्रमाने, रिक्षावाल्यापासून. ती तिने नीट, पहिलीतल्या मुलीसारखी, एकेक नाव घेत वाचली. शेवटचं नाव थोरलीचं. कानसेन म्हणाला, "हो."

मग नुसतं बसायचं होतं. एकेक नाव स्क्रीनवर चढत गेलं. रिक्षावाला आला. गाण्याचे गृहस्थ आले. त्या बाई पूर्ण आल्या तेव्हा कानसेनने मान हलवली. उन्हं खिडकीवरून सरकून मांडणीवर आली. ती टिचकी आता धाकटीलाही ऐकू येऊ लागली होती. आधी खूप अंतराने, मग कमी अंतराने.

थोरलीचा फोल्डर सुरू झाला. पहिली बैठक आली. दुसरी रखडत आली. तिसरीच्या वेळी मशीन बराच वेळ गप्प झालं आणि पुन्हा चालू लागलं. चौथी आली. पाचव्या, मोकळ्या सोडलेल्या बैठकीवर आकडा जागचा हलेना. टिचक्या लागोपाठ आल्या, जशी एखादी बाई बंद दाराची कडी वाजवत राहावी, आणि मग थांबल्या. डिस्क पुन्हा दिसली नाही. तिने थंड करून पाहिलं, वायर बदलून पाहिली, दुसऱ्या खोबणीत घालून पाहिलं. कानसेन प्रत्येक वेळी शेजारी उभा राहून हो म्हणत गेला.

सोमवारी तिने केंद्राच्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, वायर स्वतः काढली हेसुद्धा. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आधी भोंगा लावा. मग पुढचं बोलू." पण हे सांगणं धाकटीला जड गेलं नाही. जड होतं ते दुकानात जाणं.

दुपारी दुकानात गर्दी नव्हती. थोरली गल्ल्यामागे उंच स्टुलावर बसली होती, गळ्याला पातळ रुमाल, समोर पाटी. बहिणीचा चेहरा बघूनच तिने भुवया उंचावल्या.

"ताई, तुझा आवाज आहे," धाकटी म्हणाली. "कागदावरचा सगळा आहे. त्यावर आवाज बांधता येईल, कानसेन म्हणतो चांगला होईल. पण शेवटची बैठक गेली. तू भावोजींना झापलंस ती. पोरांना हाका मारल्यास ती."

थोरलीने गळ्याचा रुमाल सारखा केला.

"तुझं आधी उतरवलं असतं तर आलं असतं. मी बाकीच्यांचं आधी घेतलं. ज्यांना परत बोलता येणार नाही त्यांचं, ऑपरेशनमध्ये गेलेल्या एका बाईंचंही, रांगेने. रांगेत तू शेवटी होतीस." तिने गल्ल्याच्या कडेला नख खुपसलं. "मी तुझं नाव आधी घातलं होतं. मग काढलं."

थोरलीने पाटी ओढली. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. पाटी फिरवून समोर धरली. *गेलेल्या बाईचं आलं?*

"आलं. सगळं."

थोरलीने मान हलवली. मग तिचे डोळे भरले, आणि ती ते लपवायलाही गेली नाही. पोरांना मारलेल्या हाका गेल्या म्हणजे तिचं काय गेलं, ते तिला लिहायचं नव्हतं. ती नुसती बसली, एक हात पाटीवर उपडा ठेवून. धाकटी गल्ल्याला वळसा घालून आत गेली आणि तिच्या स्टुलाला टेकून उभी राहिली.

दारातून एक गिऱ्हाईक आलं. खिडकीसाठी जाड कापड हवं होतं, उन्हाने विटणार नाही असं. थोरलीने तोंड पुसलं, स्टुलावरून उतरली, मागच्या फळीवरून एक गठ्ठा काढून फळकुटावर टाकला. धाकटी गोंधळून कोपऱ्यात सरली. तिकडे वळून थोरलीने ओठ हलवले. आवाज नव्हता, नळीतून नुसती हवा आली. पण ओठांवरचा शब्द धाकटीला लगेच कळला. तो रागावून होता की लाडाने, तेही कळलं.

"आले," ती म्हणाली, आणि तिने पुढे होऊन कापडाचं दुसरं टोक धरलं. थोरलीने आपलं टोक ताणलं. दोघींनी मिळून कापड उजेडाला धरलं.

"बघा," धाकटी गिऱ्हाइकाला म्हणाली, "पलीकडचं काही दिसतंय?"